धाकट्या कॅमेऱ्याच्या पोटातलं हसू

"आधी पट्टा मनगटात, मग बोट बटणावर. कितीही घाई असली तरी हा क्रम मोडायचा नाही."

मित्रांनो, मी एक जुना, खिशात मावणारा कॅमेरा आहे आणि हे वाक्य मला अजून जसंच्या तसं आठवतं. ते बोलणारा माणूस त्या दिवशी किती मायेनं बोलला होता! पुढे त्याच माणसानं माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही. आज सकाळपर्यंत मी त्याच्या घरात, बोळातल्या कपाटाच्या खालच्या ड्रॉवरमध्ये पडून होतो. सोबतीला सुकलेली पेनं, एक काडी तुटलेला चष्मा, कुठल्या कुलपांच्या आहेत ते कुणालाच ठाऊक नाही अशा किल्ल्या आणि रबरबँडांचा गुंता. माझी बॅटरी केव्हाच मेली होती. पण पोटात एका म्हाताऱ्या माणसाचं हसू होतं. ते तिथे आहे हे माझ्याखेरीज कुणालाच ठाऊक नव्हतं. आणि देवानं मला डोळा दिला, वाचा दिली नाही.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. पांढरे हातमोजे घातलेल्या एका बाईनं माझ्या काचेवरचा शेवटचा धुळीचा कण फुंकून उडवला. मग तिनं मला चालू करून आपल्याच हातमोज्याचा एक फोटो काढला, नीट पाहिला आणि पुसून टाकला. ती तिच्या कामाची रीत होती, मला त्याचं वाईट वाटलं नाही. पुसलं जाणं माझ्या नशिबात किती आहे, हे तेव्हा कुठे माहीत होतं!

दुकानात काचेच्या कपाटाचे दोन कप्पे होते. वरच्या कप्प्यात मोठे एसएलआर कॅमेरे, लांब नाकाचे, ऐटबाज. खालच्या कप्प्यात आम्ही. लोक यायचे, वर बघत उभे राहायचे, मग एक उसासा टाकून खाली वाकायचे. वरचं परवडत नाही म्हणून खालचं घ्यायचं, अशा नजरेनं कुणी आपल्याला पाहिलं की कसं वाटतं, हे ज्यानं भोगलंय त्यालाच कळेल.

एके दिवशी एक नवराबायको आले. नवरा धंद्यानं फोटोवाला. घराच्या पुढच्या खोलीत त्याचा स्टुडिओ होता. दुसऱ्यांच्या घरची कार्यं टिपून टिपून, जड पिशवी वागवून वागवून त्याचा उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली आला होता. एसएलआर त्याच्याकडे होताच. त्याला हवा होता घरासाठी, रोजच्या वापराचा, हलका कॅमेरा. खरं म्हणजे तोही त्याला नको होता, त्याच्या बायकोला हवा होता.

"तुमचा तो रणगाडा पिशवीतून निघेस्तोवर हसणारं माणूस हसून, जेवून, झोपून जातं," ती म्हणाली.

दुकानदार हसला. "साहेब, एसएलआर तो एसएलआर. लेन्स बदलता येते, कमी उजेडात दिसतं, सगळं खरं. पण विहीर घरामागे आणि तहान रस्त्यात, असं झालं तर काय उपयोग? रोजच्याला हा घ्या. ताईंच्या एका हातात भाजीची पिशवी, दुसऱ्या हातात हा."

नवऱ्यानं मला उलटंसुलटं करून पाहिलं. "खेळणं आहे हो."

"खेळणं तर खेळणं," बायको म्हणाली. "मला खेळायचंय."

परतताना बसथांब्याच्या बाकावर त्यानं माझा पट्टा तिच्या मनगटात घातला, तिचं बोट धरून बटणावर ठेवलं आणि मघाशी सांगितलं ते वाक्य म्हणाला. माझ्या आयुष्यातला पहिला खरा फोटो त्याचाच. हललेला, अर्धा कान कापलेला आणि बायकोकडे बघून खुदकन हसणारा. मित्रांनो, त्या दिवशी मला वाटलं होतं, आपण चांगल्या घरी पडलो.

घरी गेल्यावर माझी पायरी मला कळली. मोठा कॅमेरा तिथे थोरला होता आणि मी धाकटा. थोरल्याला मऊ अस्तराची पिशवी, ओल शोषणाऱ्या पुड्या, रोज संध्याकाळी रबरी फुग्यानं फुंकर आणि मऊ कुंचल्यानं मालिश. मला स्वयंपाकघराच्या दाराशी एक खिळा. माझ्या काचेवर फोडणीचे शिंतोडे उडायचे. फोटोवाल्याची थोरल्यावर हात फिरवायची वेळ कधी चुकली नाही, आणि माझ्याबरोबर आलेलं माहितीचं पुस्तक त्यानं कधी उघडलं नाही. "त्यात काय वाचायचंय? पोरासोरांचं काम ते," म्हणून त्यानं ते रद्दीत टाकलं. हे लक्षात ठेवा. पुढे सगळं त्याच्यावरच अडलं.

पण बाई नेमाची होती. रोज दिवेलागणीला ती देवापुढे दिवा लावायची, डोळे मिटून हात जोडायची आणि मग खिळ्यावरून मला काढायची. "देवाला सांगून झालं. आता तुला सांगते," म्हणायची. दिवसाला एक फोटो, जास्त नाही. ओट्यावर उतू गेलेलं दूध. दोरीवर उलटे लटकलेले शर्ट, जणू कुणी हात वर करून शरण आलेत. खुर्चीत तोंड उघडं टाकून झोपलेला नवरा, छातीवर वर्तमानपत्र. गल्लीतला चांभार, तोंडात खिळे धरून गिऱ्हाइकाशी भांडणारा. नवरा बघायचा आणि हसायचा. "अगं, फोकस दुधावर आहे की काडेपेटीवर?" ती म्हणायची, "तुमचं गिऱ्हाईक नाही ना मी? मग राहू द्या."

एकदा मात्र तो हसला नाही. ओल्या पायऱ्यांवर कुणाची तरी एकच चप्पल राहिली होती आणि तिच्यात जिन्यातला दिवा चमकत होता, असा तो फोटो. बराच वेळ पाहून तो म्हणाला, "हा जमलाय गं. मला नसता जमला." मी फुलून गेलो. पुढच्याच आठवड्यात तो फोटो मोठा होऊन स्टुडिओच्या भिंतीवर लागला. एका गिऱ्हाइकानं विचारलं, "वा! कुणी काढला?"

"मीच," फोटोवाला म्हणाला. "मोठ्या कॅमेऱ्यावर."

बाई तेव्हा चहाचे कप घेऊन दारात उभी होती. तिनं कप ठेवले आणि आत निघून गेली. मित्रांनो, वाखाणणी कशी चोरीला जाते ते मी त्या दिवशी पाहिलं. चोरणारा परका असता तर इतकं लागलं नसतं.

आता बाईच्या माहेरचं सांगतो. तिचे आईवडील त्याच गावात, दुसऱ्या टोकाला राहायचे. वडील शिंपी. डोळे थकल्यावर धंदा सोडला होता, पण मशीन खिडकीशी तसंच होतं आणि कॉलरीत टोचलेली सुई त्यांनी मरेपर्यंत काढली नाही. जावयानं एकदा थोरला कॅमेरा आणि दिवे नेऊन त्यांचा फोटो काढला होता. म्हातारबाबांनी गळ्यापर्यंत शर्ट आवळला. वरची गुंडी तुटली होती, तिथे टाचणी लावली. मान ताठ, हात मांडीवर, चेहरा असा की डॉक्टर आता काय सांगतो! जावई म्हणाला, "उत्तम आलाय." म्हातारबाबा म्हणाले, "सुटलो बाबा."

माझ्यासमोर मात्र ते कधी अवघडले नाहीत. मी कॅमेरा आहे हेच त्यांच्या ध्यानात राहायचं नाही.

आणि मग तो दिवस आला.

सकाळी फोटोवाल्याला एका कार्याला जायचं होतं. त्याचं एक कार्ड बिघडलं होतं आणि वेळ झाली होती. खिळ्यावरून मला उतरवून त्यानं माझ्या पोटातलं कार्ड काढलं आणि थोरल्यात घातलं. आता त्याच्या हाताची एक सवय सांगतो. कामाला निघताना कार्ड घालायचं आणि आधी ते फॉरमॅट करायचं, म्हणजे सगळं पुसून कोरं करायचं, मग पहिला फोटो. वर्षानुवर्षांची शिस्त. डोळ्यांनी बघावंही लागत नसे, अंगठा आपोआप चालायचा. तसाच तो त्या दिवशी चालला. उतू गेलेलं दूध, शरण आलेले शर्ट, भांडणारा चांभार, अर्ध्या कानाचा तो स्वतः, सगळं एका दाबासरशी गेलं. बाईच्या साऱ्या संध्याकाळी. त्याला कळलंसुद्धा नाही.

बाईलाही ठाऊक नव्हतं. दुपारी ती मला घेऊन माहेरी गेली. माझ्या पोटात कार्ड नव्हतं. पण मित्रांनो, आमच्या जातीला कार्डाखेरीज आत आपला स्वतःचाही एक लहानसा कप्पा असतो. कार्ड नसलं की मोजके फोटो त्यात राहतात. पुस्तकात ते लिहिलेलं होतं. पुस्तक रद्दीत गेलं होतं.

म्हातारबाबा खिडकीशी बसून सुईत दोरा ओवायचा प्रयत्न करत होते. तुटलेली गुंडी अजून लागली नव्हती. आई आतून आली, त्यांच्याकडे बघत कमरेवर हात ठेवून म्हणाली, "साऱ्या गावाला कपडे घातलेत, आणि स्वतःच्या शर्टाला गुंडी नाही! लोक म्हणतील, शिंपी होता की गवळी?"

म्हातारबाबांनी तोंडातला दोरा काढला. "अगं, ती तूच तोडलीस. लग्नात."

"काय बाई जीभ ही! लेकीसमोर!"

आणि ते हसले. दात नसलेलं तोंड पूर्ण उघडून, डोळे मिटून, हातातली सुई हवेत धरून हसले. मागे आई तोंडाला हात लावून वळलेली. बाईनं मला उचललं. पट्टा मनगटात होताच. माझ्या पडद्याच्या कोपऱ्यात एक खूण लुकलुकली, तिचा अर्थ तिला कळला नाही आणि थांबायला वेळ नव्हता. तिनं बटण दाबलं.

मग तिघांनी डोकी जवळ आणून तो फोटो पाहिला. आईनं पदरानं माझा पडदा पुसून पुन्हा पाहिलं. शेवटी म्हणाली, "हा मला कागदावर आणून दे. असे हे कुणाला दिसत नाहीत. मलाच दिसतात."

"देते, आई."

"नुसतं देते म्हणू नकोस."

"आणून देईन. शब्द दिला."

रात्री फोटोवाला घरी आला. त्यानं आपलं काम संगणकात उतरवून घेतलं, कार्ड कोरं करून परत माझ्यात बसवलं आणि मला खिळ्यावर अडकवलं. ह्यातलं काही तो कुणाला बोलला नाही. त्याच्या लेखी त्यात बोलण्यासारखं काही नव्हतंच.

आणि त्याच रात्री म्हातारबाबा गेले. झोपेतच गेले, कुणाला त्रास न देता. घर सावरल्यावर बाईनं मला चालू केलं. पडद्यावर शब्द उमटले, 'फोटो नाहीत.' तिनं मला बंद केलं, चालू केलं, पुन्हा बंद केलं. पुन्हा तेच. मी तरी काय करणार? कार्ड आत असलं की मी फक्त कार्डातलं दाखवतो. अशीच माझी घडण आहे. तिचा बाप माझ्या पोटात हसत होता आणि मी तिच्या तोंडावर सांगत होतो, काही नाही. ह्याहून वाईट नोकरी कुणाच्या वाट्याला येऊ नये.

ती नवऱ्याकडे गेली. त्याला थोडं आठवावं लागलं. मग त्याचा चेहरा उतरला आणि लगेच कडक झाला.

"ते कार्ड मी कामाला नेलं होतं. फॉरमॅट केलं असणार."

"न विचारता?"

"अगं, हाताला सवय आहे. त्यात माझं काय चुकलं? आणि बाबांचा आहे की मोठ्या कॅमेऱ्यातला, चांगला! मोठा करून देतो, चौकट घालून देतो."

तिनं मला परत खिळ्यावर अडकवलं. ती दोघंही धरून चालली की तो हसरा फोटो त्या कार्डातच होता. आधी कार्ड गेलं की आधी फोटो निघाला, हे दुःखात कोण ताडून बघतं? आणि ज्याला बघता आलं असतं, त्यानं पुस्तक रद्दीत टाकलं होतं.

चौकटीतला फोटो आईकडे गेला. टाचणी लावलेला, ताठ मानेचा. आईनं तो दोन्ही हातांत धरून पाहिला आणि हळूच टेबलावर पालथा ठेवला. "हे माझे नाहीत ग," ती म्हणाली. "हे जावयांचं गिऱ्हाईक आहे. माझा कुठाय?"

त्या क्षणी बाईनं खरं सांगायला हवं होतं. पण जावयाचं नाव खराब होईल, आईचं मन कायमचं विटेल, म्हणून ती म्हणाली, "पुढच्या खेपेला आणते." आणि मग प्रत्येक खेपेला तेच. देवापुढे खोटं न बोलणारी बाई आईसमोर खोटं बोलायला शिकली, आणि तेही ज्याच्यासाठी, त्याला त्याचा पत्ताही नव्हता.

संध्याकाळचा दिवा लागतच राहिला, फोटो बंद झाले. एके दिवशी तिनं मला खिळ्यावरून काढून ड्रॉवरमध्ये ठेवलं. "तुझा काही दोष नाही रे," ती म्हणाली. तिनं मला आपटलं असतं तरी चाललं असतं.

पुढची वर्षं मी ऐकून काढली. ड्रॉवर बोळात, एका बाजूला स्वयंपाकघर, दुसऱ्या बाजूला स्टुडिओ. इकडून बाईचा फोनवरचा आवाज यायचा. "हो आई, लक्षात आहे." आणि फोनच्या स्पीकरवरून आईचा, दर वेळी जरा जास्त खोल गेलेला. "किती खेपा ग तुझ्या? मला आता माणसं सावलीसारखी दिसतात. डॉक्टर म्हणतो, जेवढी नजर आहे तेवढी राहील तोवर राहील. माझे डोळे आहेत तोवर आण, म्हणजे झालं."

तिकडून फोटोवाल्याचा आवाज यायचा, कण्हण्याचा. खांदा कायमचा धरला. थोरला आता पिशवीत झोपून असतो. त्याला अजून फुंकर मिळते म्हणा. आणि गेल्या महिन्यात फोटोवाल्यानं काय केलं असेल? एक छोटा, खिशात मावणारा कॅमेरा घेतला. माझाच धाकटा भाऊ म्हणा ना! ह्या वेळी पुस्तक मात्र पानन् पान वाचलं. गरज आपली असली की माणूस वाचतो.

आज सकाळी एक शिक्षिका स्टुडिओत आली. शाळेच्या सहलींसाठी तिला कॅमेरा घ्यायचा होता. एसएलआर घेऊ की छोटा, असा तिचा सवाल.

"छोटाच घ्या," फोटोवाला म्हणाला. मित्रांनो, माझा विश्वास बसेना. "माझा खांदा बघा, एसएलआरनं खाल्लाय. मोठा कॅमेरा कामाला, हा रोजच्याला. जो हातात असेल तोच फोटो काढणार ना? आणि ह्यात एक सोय बघा, तुम्ही कार्ड विसरलात तरी अडत नाही. आत थोडी जागा असते. दहा-पंधरा फोटो सहज राहतात. फक्त नंतर कार्ड घातलंत की ते दिसत नाहीत. कार्ड काढलं की पुन्हा दिसतात. लोकांना माहीत नसतं, उगाच गेले म्हणून रडत बसतात."

स्वयंपाकघरात भांडं घासण्याचा आवाज थांबला.

शिक्षिका आभार मानून गेली. बाईची पावलं बोळातून स्टुडिओच्या दारापाशी येऊन थांबली. हाताला अजून साबण असणार, नळाचा आवाज झाला नव्हता.

"त्या दिवशी कार्ड कधी काढलं होतं तुम्ही?"

"कुठल्या दिवशी?"

"बाबा जायच्या आधी. माझ्या छोट्यातलं."

"सकाळी. काम सकाळचंच होतं. का गं?"

"आणि परत कधी घातलंत?"

"रात्री. इतक्या वर्षांनी हे कशाला?"

"काही नाही," ती म्हणाली.

तो नव्या कॅमेऱ्याच्या काचेवर फुंकर मारत बसला. नुकतंच आपण काय बोललो, हे त्याच्या कानांपर्यंत पोचलंच नव्हतं.

ड्रॉवर उघडला. कितीतरी वर्षांनी माझ्यावर उजेड पडला. तिनं मला रुमालानं पुसलं, तेच स्वयंपाकघराचे जुने डाग निघेपर्यंत पुसलं. मग बुडाची झडप उघडून कार्ड दाबलं. ते टक्कन बाहेर आलं. ते घेऊन ती स्टुडिओत गेली आणि थोरल्याच्या पिशवीवर ठेवून आली.

मित्रांनो, माझी बॅटरी जागी होईल की नाही, मला माहीत नाही. तिच्या मापाचा चार्जर आता कुठल्या दुकानात मिळेल, तेही माहीत नाही. आईच्या डोळ्यांत अजून किती उजेड उरलाय, ते एक देवच जाणे. आत जपलेलं कदाचित बाहेर येणारच नाही. तुम्हाला एवढंच मागतो. घरातल्या लहान वस्तूला लहान म्हणून खिळ्यावर टांगा, हरकत नाही, पण तिच्या पोटात काय आहे ते एकदा विचारा. दुसऱ्याचं काही हाती घ्याल तेव्हा हाताच्या सवयीवर सोडू नका, डोळे उघडून बघा. आणि कुणी कागदावर मागितलेलं हसू उद्यावर टाकू नका. मी जन्मभर हसू साठवलं, पण मला विचारलंत तर सांगेन, माझ्या पोटात राहण्यापेक्षा ते कुणाच्या तरी भिंतीवर जुनं व्हावं.

"कुठे निघालीस?" आतून आवाज आला.

"चार्जर बघायला."

"त्या डबड्याला? अगं, मिळतोय का आता त्याचा! हा नवा आहे की, हा घेऊन जा."

"तो असू दे तुमच्याकडे."

"आणि जेवण?"

"झाकून ठेवलंय. मला उशीर होईल. तिथून आईकडे जायचंय."

तिनं देवापुढे क्षणभर हात जोडले. मग आधी माझा पट्टा मनगटात घातला, आणि दाराची कडी हळूच काढली.